‘कार्ड गेलं’ म्हणण्याआधी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्रभर धो-धो पाऊस झाला आणि सकाळी आमच्या सोसायटीचं सरकतं गेट उघडलं ते बंदच होईना. वॉचमन रिमोट दाबून दाबून थकला. दुपारपर्यंत दोन गाई आत येऊन कुंड्यांतली तुळस खाऊन गेल्या. गेट हाताने ओढून लावावं म्हटलं, तर मोटर मोकळी करायची चावी कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. सेक्रेटरी मी, मलाही नाही. त्या रात्री वॉचमन गेटच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. झाकण उघडलं, दोन मिनिटं आत पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, कार्ड गेलं.” कार्ड म्हणजे आतला कंट्रोल बोर्ड. चौदा हजारांचं नवं कार्ड बसलं, गेट चाललं. तीन दिवस उघडीप होती. चौथ्या दिवशी पुन्हा पाऊस आला आणि गेट पुन्हा उघडंच्या उघडं.

मग आमच्याच आवारात पंपाचं काम करणाऱ्या एका जुन्या वायरमनला दाखवलं. त्याने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. गेटच्या समोरच्या खांबाजवळचे दोन पेव्हर ब्लॉक उचलले, ओली रेती बाजूला केली आणि एक केबल वर ओढली. मधोमध जॉइंट, त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचे चार-पाच वेढे. टेप सोडली तेव्हा आतून तांबं निघालंच नाही, निघाली हिरवी पूड. तो सेन्सरच्या केबलचा जॉइंट होता. नवा तुकडा टाकला, जुनं कार्ड परत लावलं, गेट बंद झालं. ते जुनं कार्ड अजून चालू आहे. नवं कपाटात आहे, खोक्यासकट.

तेव्हापासून ‘कार्ड गेलं’ हे वाक्य मी सगळ्यात शेवटी ऐकतो, आणि तुम्हीही तसंच करा असं सांगायला हा लेख लिहितोय. कार्ड जातं, नाही असं नाही. पण वसई-विरारमध्ये गेट बंद पडण्याचा मान बहुतेक वेळा पाण्याला, खाऱ्या हवेला, जॉइंटला आणि व्होल्टेजला जातो. तपास वीज येते तिथून सुरू करून कार्डाशी संपवायचा असतो. आपल्याकडे तो कार्डापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो.

आपल्या भागाची तऱ्हाच वेगळी आहे. पश्चिमेला अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या पट्ट्यात समुद्राचा वारा थेट येतो. त्या वाऱ्यात मीठ असतं आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. पितळी टर्मिनल, स्क्रू, फ्यूजची क्लिप, तांब्याची उघडी टोकं यांच्यावर त्याचा थर बसतो. कोरड्या दिवसांत काही जाणवत नाही, पहिल्या पावसात तोच थर वीज वाहायला लागतो. पूर्वेला वसंत नगरी, एव्हरशाइन, आचोळे, तुळिंज या बाजूला दुखणं दुसरं : साचलेलं पाणी. जुलै २०१८ मध्ये काय झालं ते इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, वसईच्या मिठागरांत माणसं अडकली, आणि पाण्यामुळे धोका नको म्हणून वीज बंद ठेवावी लागली. सरकत्या गेटची मोटर जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. अशा पाण्यात सगळ्यात आधी तीच बुडते.

हात लावण्याआधी एवढं पाळाच. गेटचा एमसीबी बंद करायचा आणि तो कुणी चालू करू नये म्हणून तिथे माणूस उभा करायचा किंवा निदान चिठ्ठी चिकटवायची. बऱ्याच ठिकाणी एमसीबी एकाच वायरवर असतो, आणि कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर एमसीबी बंद करूनही आत फेज जिवंत राहतो. म्हणून दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल एमसीबी हवा. मोटरच्या कंडेन्सरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो, त्याला बोटं लावू नका. आणि पाणी साचलं असेल तर जवळ जायचंच नाही. गेटच्या लोखंडाला हात लावल्यावर चुणचुण जाणवली तरी तो दोष ‘किरकोळ’ नाही. लहान मुलं त्याच गेटला लोंबकळतात. तेवढ्यावर वीज बंद करून वायरमनला बोलवायचं. २३० व्होल्टचं काम परवानाधारकाचं. खाली लिहितोय ते तुम्ही स्वतः पाहण्यापुरतं, आणि समोरच्याने काय पाहावं हे तुम्हाला कळण्यापुरतं.

आता दुखणं कसं ओळखायचं.

गेट एकदम मेलेलं आहे, कार्डावरचा दिवाही लागत नाही. आधी एमसीबी आणि ईएलसीबी पाहा. दोन्ही वर असतील तर मीटरने मोटरच्या टर्मिनलवर फेज आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. टेस्टर पेटला म्हणजे वीज आहे, असं समजू नका. न्यूट्रल तुटला तरी टेस्टर पेटतोच. वीज पोचत असेल तर कार्डावरची काचेची छोटी फ्यूज पाहायची. ती उडाली असेल तर तेवढ्याच अँपिअरची नवी घालायची. तांब्याची तार गुंडाळून काम चालवणं म्हणजे फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जाळायची सोय करणं.

फ्यूज उडालेली आहे आणि तिच्या शेजारी निळी किंवा काळी, बटणासारखी चपटी गोल वस्तू फुटलेली, काळवंडलेली आहे, असं दिसलं तर थोडं थांबा. ती व्हॅरिस्टर. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि मागचं कार्ड वाचवते. थोडक्यात, तिने तिचं काम केलंय. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा ती काही रुपयांत बदलून देतो. बाकीचं कार्ड अनेकदा धडधाकट निघतं. अशा कार्डाला ‘जळलं, बदला’ म्हणणाऱ्याकडून जुनं कार्ड परत मागून घ्यायला विसरू नका. ते तुमचं आहे. पण खरा प्रश्न पुढचा : व्होल्टेज वाढलं कशाने? त्याच सुमारास इमारतीत काही घरांचे दिवे भगभगले आणि काहींचे मंदावले असतील, तर सोसायटीच्या थ्री फेज पुरवठ्याचा न्यूट्रल ढिला झालाय किंवा तुटलाय. ती गोष्ट गेटपुरती राहत नाही, फ्रीज-टीव्हीही जातात. मेन स्विच बंद करून महावितरणला १९१२ वर कळवायचं.

मोटर नुसती घुमते, गेट हलत नाही. इथे पहिलं काम विजेचं नाहीच. मोटर चावीने मोकळी करून गेट हाताने ढकला. एका माणसाला ते सहज ढकलता आलं पाहिजे. जड लागलं तर चाकाची बेअरिंग गंजलीय, रुळात खडी अडकलीय किंवा रूळ खचलाय, आणि त्याची शिक्षा मोटर भोगतेय. गेट हलकं असेल, मोटर घुमत असेल, आणि घुमताना हाताने थोडा रेटा दिल्यावर गेट चालू लागत असेल, तर कंडेन्सर कमजोर झालाय. एसी मोटरला सुरुवातीचा धक्का तोच देतो. त्याच्या अंगावर किती मायक्रोफॅरड ते छापलेलं असतं. मीटरने मोजल्यावर छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदलायचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा. ‘मोठा टाकला की जोर येतो’ असं सांगणारे भेटतात. त्याने मोटर तापते, बाकी काही होत नाही.

कंडेन्सर ठीक आहे, तरी संध्याकाळी सात ते दहा गेट रडतं आणि पहाटे सुरळीत चालतं? मग व्होल्टेज. एप्रिल-मेमध्ये सगळ्या इमारतींचे एसी एकदम सुरू होतात तेव्हा हा अनुभव येतो. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० चे १८० झाले तर जोर २२ नव्हे, जवळजवळ ३९ टक्क्यांनी कमी होतो. आणि व्होल्टेज मोजायचं ते मोटर चालू असताना. गेट थांबलेलं असताना २२५ दाखवणारी लाइन मोटर ओढू लागली की १९५ वर आलेली दिसेल. दोष तेव्हा महावितरणचाही असेलच असं नाही. मीटर रूमपासून गेटपर्यंत साठ मीटर एक चौरस मिलिमीटरची बारीक केबल टाकलेली असेल, तर जाण्यायेण्याचा मिळून तिचा रोध दोन ओहमच्या वर जातो. मोटरने सुरू होताना सात अँपिअर खेचले की पंधरा व्होल्ट केबलमध्येच संपले. बिल्डरने वाचवलेले पैसे असे कुठेतरी दिसतात. तिथे अडीच चौरस मिलिमीटरची आर्मर्ड केबल टाकणं हाच उपाय आहे. स्टॅबिलायझर लावून केबल जाड होत नाही.

मोटर लागोपाठ वीस-पंचवीस वेळा चालली आणि मग थांबली, अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर तिचं आतलं थर्मल संरक्षण काम करतंय. सकाळी ऑफिसची आणि स्कूल बसची गर्दी असते तेव्हा हे होतं. दोष नाही तो, मोटर लहान पडतेय एवढंच.

गेट उघडतं, बंद होत नाही. आमचं हेच झालं होतं. दोन खांबांवर समोरासमोर सेन्सर असतात. एक अदृश्य किरण सोडतो, दुसरा पकडतो. मधून कुणी गेलं की किरण तुटतो आणि बंद होणारं गेट थांबतं किंवा मागे फिरतं. हा सेन्सर कार्डाला सतत ‘रस्ता मोकळा आहे’ असं सांगत असतो. सांगणं थांबलं की कार्ड गेट लावत नाही. म्हणजे मधे माणूस उभा असला काय, सेन्सरवर कोळ्याचं जाळं असलं काय आणि पेव्हरखाली वायर तुटली काय, कार्डाच्या लेखी तिन्ही सारखंच. मुद्दाम तसं केलेलं असतं. वायर तुटली तर गेट कुणाच्या अंगावर जाण्यापेक्षा उघडं राहिलेलं बरं.

तेव्हा आधी फडक्याने दोन्ही काचा पुसा. मग सेन्सरवरचा दिवा पाहा आणि हात आडवा धरला की तो बदलतो का ते बघा. खांबाला गाडीचा धक्का बसून सेन्सर किंचित वळला तरी किरण चुकतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या सेन्सरला मावळतीचं ऊन थेट लागलं तरी तो गोंधळतो. रोज साधारण त्याच वेळी गेट अडत असेल तर दोन्ही सेन्सरची जागा आपसात बदलून पाहा. इतकं करूनही जमलं नाही तर वायरमनने सेन्सरच्या टर्मिनलवर वीज पोचते का ते मोजावं. न पोचल्यास जॉइंट शोधायचा, आणि आपल्याकडे तो पेव्हरखालीच सापडतो. तपासापुरतं कार्डावर सेन्सरच्या जागी वायरचा तुकडा लावून पाहता येतं. गेट बंद झालं तर कार्ड निर्दोष. पण तपास झाला की तो तुकडा काढा. अनेक सोसायट्यांत तो वर्षानुवर्षं तसाच असतो आणि चारशे किलोचं गेट आंधळेपणाने बंद होत असतं.

रिमोटने चालत नाही, पण केबिनमधल्या बटणाने चालतं. इथे कार्ड आणि मोटर दोन्ही सुटले. एकच रिमोट चालत नसेल तर त्याचा सेल बदला. सगळेच बंद असतील किंवा अगदी गेटजवळ येऊनच चालत असतील तर अँटेना पाहा. पुष्कळ रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांची अँटेना म्हणजे जेमतेम सतरा सेंटिमीटरची एक साधी वायर. ती गंजून तुटते, किंवा कुणीतरी ‘जास्तीची वायर’ म्हणून कापून टाकतो. खांबावर नुकताच स्वस्तातला एलईडी दिवा किंवा कॅमेऱ्याचा अडॅप्टर लावला असेल तर तो बंद करून पाहा, त्याचा त्रास रिमोटला होतो. आणि एक विनंती. कार्डावरचं रिमोट शिकवायचं बटण उगाच दाबून धरू नका. बऱ्याच कार्डांत ते काही सेकंद दाबून राहिलं की सगळ्या फ्लॅटचे सगळे रिमोट पुसले जातात. मग रविवारी सकाळी अख्खी सोसायटी हातात रिमोट घेऊन गेटपाशी रांगेत.

गेट आपोआप उघडतं. भुताटकी नाही. केबिनमधल्या बटणाच्या केबलमध्ये पाणी गेलंय आणि बटण न दाबताच दाबल्यासारखं होतंय. कार्डावरून बटणाच्या वायरी सोडवा. उघडणं थांबलं तर केबल बदला. कधी बटणाच्या डबीत मुंग्यांचं वारूळही निघतं. पालीचं तर विचारू नका, मोटरच्या झाकणाखालची ऊब तिला आवडते आणि दोन टर्मिनलच्या मधोमध तिचा शेवट होतो. लोक आत डांबरगोळ्या टाकतात. टाका, पण केबल शिरते ती भोकं ग्लँडने बंद केलीत तर त्यांची गरज पडत नाही.

पाऊस आला की ईएलसीबी पडतो. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे ईएलसीबी काढून टाकणं, आणि तो गुन्ह्याइतका वाईट आहे. साधारण तीस मिलिअँपिअर वीज जमिनीत गळली की तो पडतो, कारण तेवढी वीज माणसातून गेली तर माणूस मरू शकतो. तो पडतोय म्हणजे कुठेतरी खरंच गळती आहे. ती शोधायला गेटच्या लाइनवरच्या गोष्टी एकेक करून सोडवायच्या. सुरुवात खांबावरच्या दिव्यापासून करा, माझ्या अनुभवात पहिला संशयित तोच, पाण्याने भरलेला. मग मोटर, मग केबल. केबलची खात्री मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने करतात. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर केबल बाद. मात्र मेगर लावण्याआधी कार्ड दोन्ही बाजूंनी सोडवलेलं हवं. नाहीतर तोपर्यंत चांगलं असलेलं कार्ड त्या ५०० व्होल्टने खरोखरच जाईल आणि मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरेल. अर्थिंग तपासायला फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायची जुनी सवय आहे. ईएलसीबी असलेल्या लाइनवर तो लगेच पडेल. ते त्याच्या चांगल्या प्रकृतीचं लक्षण समजा.

मोटर पाण्यात बुडाली असेल तर पाणी ओसरल्या ओसरल्या ‘चालतंय का बघू’ म्हणून स्विच मारू नका. सगळ्यात जास्त मोटरी पाण्याने नाही, या उत्सुकतेने जळतात. वीज बंद ठेवून झाकण उघडायचं, गाळ आणि खारं पाणी स्वच्छ गोड्या पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मेगरने मोजायचं, मगच वीज. कार्ड भिजलं असेल तर ते काढून इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे द्या. बॅटरीवर चालणारं गेट असेल तर बॅटरीची वायर आधी सोडवा. मेन बंद केली तरी बॅटरी कार्डाला वीज देतच असते आणि ओलं कार्ड त्या वेळात खाऊन टाकते.

खर्च करायचाच असेल तर मे महिन्यात करा, आणि या क्रमाने. मोटरचा चौथरा तुमच्या आवारात आजवर चढलेल्या पाण्याच्या खुणेपर्यंत उचलता येतो का ते पाहा. मोटर उचलता आली नाही तरी कार्ड वेगळ्या पेटीत खांबावर छातीच्या उंचीला नेता येतं का, ते कंपनीच्या माणसाला विचारा. जमिनीखाली जॉइंट ठेवायचाच नाही. ठेवावाच लागला तर जेल भरलेला जॉइंट किट, टेप नव्हे. टेप इथे एक पावसाळा काढत नाही. केबल पेटीत खालून शिरावी आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी आत न जाता झोळाच्या टोकाला गळून पडतं. टर्मिनलचे स्क्रू वर्षातून एकदा आवळून घ्या.

देखभालीचा वार्षिक करार करताना कंडेन्सर, सेन्सर आणि कार्ड त्यात आहेत की नाहीत हे कागदावर लिहून घ्या. ‘कार्ड बदलण्याआधी पुरवठा, केबल आणि सेन्सर तपासल्याची नोंद द्यावी’ एवढी एक ओळ आम्ही करारात घातली. पुढच्या वर्षी आमच्याकडे एकदाही कार्ड गेलं नाही.

आणि ती मोटर मोकळी करायची चावी. आमची आता वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असते, दुसरी माझ्याकडे. दर महिन्याच्या एक तारखेला दिवसाचा आणि रात्रीचा, दोन्ही वॉचमन मोटर मोकळी करून गेट हाताने उघडून दाखवतात. बंद गेटबाहेर रात्री दोनला रुग्णवाहिका उभी राहील तेव्हा मल्टिमीटर कामाला येणार नाही, ही चावी येईल. तुमच्या गेटची कुठे आहे ते आज घरी जाताना वॉचमनला विचारा.